इंग्लंडमध्ये घरामागच्या रानफुलांच्या कुरणात ‘ग्रास व्हेचलिंग’ लावलंय, पण सगळं गवतच दिसतंय. ते ओळखायचं कसं? आणि शेंगा खाता येतात का?

तुम्ही म्हणता, केंटमधल्या लॉनचा एक तुकडा मोकळा सोडून मार्चमध्ये बी फोकलं, आता मे उजाडला तरी वाटाण्यासारखं काहीच दिसेना. दिसणारही नाही. हे रोप वाटाण्याच्या कुळातलं असलं तरी फुलावर येईपर्यंत गवताच्या वेषातच राहतं. त्याला जोडीजोडीची पानं नसतात, वर चढायला तणावेही नसतात. पानाचा देठच चपटा होऊन लांबट पातं झालेलं असतं. मी थेम्सच्या पलीकडे, एसेक्समध्ये राहतो. आमच्याकडच्या जड चिकण मातीत ते चांगलं येतं, आणि तरीही फुलाआधी ते मला उभ्याउभ्या ओळखता येत नाही. गुडघे टेकावे लागतात.

खाली बसलात की पात्याचं बूड बघा. गवताचं पातं खोडाला म्यानासारखं गुंडाळलेलं असतं. नखाने सोललं तर ते म्यान सुटून येतं, आणि पातं जिथे वळतं तिथे बहुतेक गवतांत एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसते. ग्रास व्हेचलिंगला म्यानही नाही, पापुद्राही नाही. पातं थेट खोडातून निघतं. भिंग असेल तर बुडाशी दोन बाजूंना बारीक सुईसारखी उपपर्णं, म्हणजे पानाच्या बुडाशी येणारी इवली पानं, दिसतील. तरी खात्री होत नसेल तर एक रोप मुळासकट हळूच उपटा. बी जमिनीतच राहून कोंब वर येतो, त्यामुळे कोवळ्या रोपाच्या बुडाशी बियांचं टरफल सापडतं आणि मुळांवर नत्राच्या बारीक गाठी दिसतात. गवताला गाठी नसतात. एकाच रोपाचा बळी द्या, बाकीची राहू द्या.

फूल आलं की प्रश्नच उरत नाही. मे ते जुलैमध्ये लांब, केसासारख्या देठावर एखादं, फार तर दोन किरमिजी फुलं, साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. गवतात कुणी लाल टिकल्या चिकटवल्यात असं वाटतं. मागून बारीक सरळ शेंगा धरतात. ‘कॉमन व्हेच’शी गल्लत करू नका: त्याच्या पानाला जोडीजोडीने छोट्या पर्णिका असतात आणि टोकाला तणावे. ‘वाइल्ड पी’ एवढंच लिहिलेलं पाकीट तर घेऊच नका. त्यात बहुवर्षायू, रुंद पानांची मोठी वेल निघू शकते, ती छोट्या कुरणाला भारी पडते. लॅटिन नाव बघून घ्या: लॅथायरस निसोलिया.

आता पेरणी. हे एका वर्षाचं रोप आहे, पण त्याचं वर्ष शरदात सुरू होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरावं, तेव्हाच उगवून ते थंडी काढतं. तुमचं मार्चचं बी वाया गेलं असं समजू नका. कवच कडक असल्यामुळे बरंचसं मातीत पडून राहतं आणि पुढच्या हंगामात येतं. नवीन बी असेल तर सँडपेपरवर हलकं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं पेरा.

आमच्या भंडाऱ्याकडे लाखोळी उभ्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, फोकतात, त्याला उतेरा म्हणतात. लाखोळी म्हणजे लाखेची डाळ, याच लॅथायरस वंशातली. तिथे धानाखालच्या ओलीवर बी निघतं, म्हणून दाट गवतात बी उधळलं की झालं असं वाटतं. इथे तसं चालत नाही. इथल्या लॉनचं गवत एकदा धरलं की कोवळ्या रोपाला दाबून टाकतं. गवत आधी अगदी बुडापर्यंत कापा, दाताळ्याने इतकं खरवडा की निम्मी माती उघडी दिसेल, मग बी टाकून पायाने दाबा. खत अजिबात नको, त्याने गवतच माजतं. सोबत ‘यलो रॅटल’ हे रानफूल पेरा: ते गवताच्या मुळांतून रस ओढतं, त्यामुळे गवत दबून राहतं. त्याचंही बी शरदातच टाकायचं, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही.

सगळ्यात जास्त नासाडी करतं ते कापणीयंत्र. इथे मे-जूनमध्ये लॉन नीटनेटकं ठेवायचा शेजाऱ्यांचा धाक असतो, तो सोसा. एकवर्षायू रोप शेंग तडकण्याआधी कापलं की पुढच्या वर्षीचं बीच गेलं. शेंगा तपकिरी होऊन फुटू लागल्या की, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, कापा. कापलेलं दोन-चार दिवस तिथेच वाळू द्या, म्हणजे उरलेलं बी झडतं, आणि मग सगळं उचलून न्या. पडून राहिलं तर कुजून जमीन सुपीक होते, ती आपल्याला नकोय.

शेंगांचं म्हणाल तर खाऊ नका. लाखोळी रोज पोटभर खाल्ली की पाय लुळे पडतात हे विदर्भात जुन्या लोकांना माहीत आहे, आणि ती तर पिढ्यान् पिढ्या पिकवलेली डाळ. या रानटी भावंडाचे दाणे चिमूटभरही निघत नाहीत. ते बी म्हणूनच राहू द्या.