‘आता काय, घरीच असता ना!’ : निवृत्तांचे प्रश्न

मे महिना संपला की पत्रं वाढतात. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी कितीतरी पोरांची जन्मतारीख 1 जून लावून टाकली. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस, त्यामुळे 31 मे रोजी ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी होतात. कोषागारात मी 33 वर्षं याच माणसांची पेन्शन प्रकरणं पाहिली. सगळे कागद पुरे असलेली माणसंसुद्धा पुन्हा पुन्हा येऊन बाकावर बसायची. ती का यायची, हे मी स्वतः निवृत्त झाल्यावर कळलं. यावेळी आलेल्या पत्रांतली चार घेतो.

प्रश्न : आमचे हे जिल्हा परिषदेतून 31 मे रोजी निवृत्त झाले. तेव्हापासून दिवसभर घरात. मी कुठे निघाले, कुणाचा फोन होता, भाजीत तेल एवढं कशाला, सगळं विचारतात. परवा मी भजनी मंडळातून परत आले तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर यांनी नावाचे कागद चिकटवलेले! मोहरी, जिरं, हरभरा डाळ. मला रडूच आलं. चांगल्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाच राग येतो. (एक भगिनी, सातारा)

ताई, रडू आलं यात चुकीचं काही नाही. गेली 30-35 वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते घर तुमचं होतं. कुठला डबा कुठे, हे तुमच्या हाताला पाठ होतं. दुपारी घटकाभर आडवं व्हायचं, शेजारणीकडे डोकावायचं, मंडळात जायचं, यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. निवृत्त ते झाले, पण विसकटला तुमचा दिवस, आणि सत्काराच्या भाषणात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता ते कागद पुन्हा एकदा बघा. अक्षर फायलीवर विषय लिहितात तसं असेल, सरळ आणि खाली रेघ मारलेलं. त्यांना जे काम उत्तम येतं, तेच त्यांनी तुमच्या घरात करून पाहिलं. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून खुर्चीत बसलो होतो. बायकोने काही न बोलता चहा ठेवला. त्या चहाची मला आजही आठवण आहे.

म्हणून त्यांना ‘मदत’ करायला सांगू नका, एक काम पूर्णच सोपवा. दळण, आठवड्याचा बाजार, विजेचं बिल, गच्चीतल्या कुंड्या, काहीही. मेथीची जुडी जून आणली तरी त्या दिवशी तीच करा. दुसऱ्या खेपेला आपोआप कोवळी येते. आणि दुपारी एक ते चार ही वेळ तुमची, हे त्यांना शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगा. कुणाचा फोन आला, हे विचारू नये, हेही सांगा. त्यांना सकाळी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात धाडा. अशा संघांना हिशेब ठेवणारा माणूस हवाच असतो. डब्यांवरचे कागद काढायचे की ठेवायचे, तुम्ही ठरवा. मी असतो तर मोहरीचा ठेवला असता.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी शिक्षक म्हणून निवृत्त झालो, वय 58. फंड, ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेतलेले पैसे) मिळून 38 लाख आले. मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे, 25 लाख मागतो. बायको म्हणते, शेवटी सगळं त्याचंच आहे. (एक वाचक, बार्शी)

गुरुजी, ‘शेवटी सगळं त्याचंच आहे’ हे वाक्य खरं आहे, पण त्यातला ‘शेवटी’ फार महत्त्वाचा. तुमच्या आणि वहिनींच्या पुढची अजून 25-30 वर्षं धरून चाला. हे पैसे पुन्हा कमावता येणार नाहीत. मुलगा बँकेकडून कर्ज काढून 20 वर्षं फेडू शकतो, तुम्हाला या वयात तसं कर्ज कुणी देणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. सहा लाख आजारपणासाठी बँकेत, हात घातला की मिळतील असे. 20 लाख पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ती एरवी साठीनंतरची, पण 55 ते 60 वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. पैसे निवृत्त होतानाच आले असतील तर तुमच्याकडे महिनाच उरलाय, आधी ते करा. मर्यादा 30 लाखांची, मुदत पाच वर्षांची. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण तुम्ही पैसे भरता त्या दिवशीचा दर पाचही वर्षं कायम राहतो. 8.2 टक्के धरले तर 20 लाखांवर दर तीन महिन्यांनी 41,000 रुपये हातात येतात. उरलेल्या 12 लाखांतून मुलाला किती द्यायचे ते ठरवा. मुलगी असेल तर तिच्याशीही त्याच बैठकीत बोला, मागाहून कळलं की मनं फाटतात.

मुलाला ‘बघू’ म्हणू नका. ‘बघू’ वर तो बिल्डरला टोकन देऊन बसेल. आकडा सांगा. तो रुसेल, महिनाभर फोन कमी येतील. ते सोसा.

एक गोष्ट बजावून सांगतो : राहतं घर त्याच्या नावावर करायची घाई नको. करायचंच झालं तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहूनच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं, त्याचा अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तोंडी अटीवर विसंबून आलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नसायचं.

प्रश्न : एसटीत कंडक्टर होतो, ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन आहे. हयातीच्या दाखल्याला बोटं मशीनवर ठेवली तर ठसे जुळत नाहीत. आयुष्यभर ट्रेमधली तिकिटं पंच केली ती हीच बोटं! दोन खेपा फुकट गेल्या. (एक वाचक, नांदेड)

वय झालं की बोटांवरच्या रेषा पुसट होतात, तुमची काही चूक नाही. तिसरी खेप नको. घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप घ्या. उजेडाकडे तोंड करून बसायचं, सांगितल्यावर डोळे मिटून उघडायचे, काम झालं. मेसेजमध्ये आलेला प्रमाण क्रमांक वहीत लिहून ठेवा. ते नाही जमलं तर पोस्टमनला घरी बोलवा, त्यांच्याकडेही सोय आहे. आणि ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही : दाखला वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून वर्षभर चालतो.

प्रश्न : वय 76. पत्नी जाऊन आठ महिने झाले. मुलगी अमेरिकेत, रोज फोन करते. पहाटे चारला जाग येते, मग उजाडत नाही. डबा येतो, पण अर्धा तसाच परत जातो. बहीण कराडला आहे. (एक वाचक, इचलकरंजी)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भूक आणि झोप दोन्ही इतके दिवस गेल्या आहेत, तेव्हा पहिली गोष्ट डॉक्टर. ‘वयामुळे होतंय’ म्हणून सोडू नका, दुःखावरही औषध असतं. रात्री फारच जड वाटलं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर लावा, चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत.

दुसरं म्हणजे, एकट्याने जेवू नका. डबा घेऊन शेजाऱ्यांकडे जा, किंवा त्यांना बोलवा. संकोच वाटेल, तरी जा. आणि तुम्हाला पंचाहत्तरी पूर्ण झाली आहे. ऑगस्ट 2022 पासून या वयाच्या माणसाला राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने कराडला जा. बहिणीला आधी फोन करून सांगा, म्हणजे ती तुमच्यासाठी भाकरी टाकून ठेवेल. मुक्कामाचे कपडे न्या. परत आलात की मला दोन ओळी लिहा.