माथेरान नगरपरिषद असूनही एवढं लहान का राहिलं?

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे चढून आले, मग मुंबईकर धनिकांचे बंगले उभे राहिले. खरी वाढ १९०७ नंतरची: पीरभॉय कुटुंबाने दोन फुटी रुळांची, सुमारे २० किलोमीटरची नेरळ-माथेरान गाडी सुरू केली. तोवर घोडा, पालखी नाहीतर पायपीट.

वाढ अडली ती वाहतुकीने. रुग्णवाहिका वगळता खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात; सिमेंटची गोणीही वर्षानुवर्षं घोड्यावरून नाहीतर हातगाडीवरून गेली. शिवाय जांभ्याची लाल माती टापांनी सैल होते नि पावसात वाहून जाते, म्हणून रस्त्यांचा खर्च संपतच नाही. २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असल्याने बांधकामावरही मर्यादा आहेत, आणि माझ्या मते त्या हव्यातच.