मुलगा म्हणतो सांगतो, मी म्हणते गप्प बस

ताई, पत्र वाचलं. मुलगा आयटीआय करून भोसरीत प्रेस शॉपला अप्रेंटिस लागलाय, आणि ज्या काकांनी त्याला हाताला धरून काम शिकवलं तेच पॉवर प्रेसच्या (पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनच्या) दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवतात, म्हणजे एक हात मोकळा आणि जॉब, म्हणजे पार्ट, भराभर. पोराला झोप नाही, तुम्ही म्हणताय गप्प बस, परमनंट व्हायचंय.

मी नाही म्हणणार गप्प बस. दोन बटणं असतात तीच मुळी दोन्ही हात डायच्या, म्हणजे दाबणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहावेत म्हणून, आणि जुन्या क्लचच्या प्रेसचा स्ट्रोक, म्हणजे वरून येणारा दाब, एकदा सुटला की मधे थांबत नाही, तिथं अनुभव काय करणार. "एवढ्या वर्षांत काही झालं नाही" म्हणणाऱ्यांचे बोटं गेलेले हात मी पाहिलेत. आणि काका सुट्टीवर गेले की त्या मशीनवर कोण बसणार? तुमचाच मुलगा ना?

आधी काकांनाच सांगू दे, चहाच्या वेळी, बाजूला घेऊन, "काका पट्टी काढा, मला भीती वाटते" एवढंच. बऱ्याचदा मूळ दुखणं वेगळं असतं, जॉब डायमधे चिकटतो, हाताने काढावा लागतो, वरून टार्गेट. दुसऱ्या दिवशी पट्टी दिसली तर सुपरवायझरकडे जायचं, आठवडाभर वाट बघायची नाही, आणि सांगायचं की जॉब चिकटतोय, तो काढायला एअर ब्लो (हवेचा झोत) नाहीतर मॅग्नेटचा पिकर (लोहचुंबकाची काठी) द्या, आणि पट्टी लावून बटण बायपास केलंय. शेवटचं वाक्य गिळायचं नाही हां, पोरं नेमकं तेच गिळतात.

काका चार दिवस बोलणार नाहीत, ते सोसायचं. बाकी भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ ला कारखाने कायदा बदलला तेव्हापासून कामगार थेट फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाऊ शकतो, २०२० च्या नव्या संहितेतही ते आहे, उलट धोका दिसला तर कळवणं हे कामगाराचं कर्तव्यच धरलंय. आपल्याकडे ते ऑफिस म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, लोक डिश म्हणतात. पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

परमनंटचं म्हणाल तर करारात तसं लिहिलेलं नसेल तर अप्रेंटिसला घ्यायलाच हवं असं कंपनीवर बंधन नसतं, मग गप्प बसून मिळणार काय? करार मात्र रजिस्टर असतो, मधेच मोडायचा तर अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायजरकडे (अप्रेंटिसचे करार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा लागतो, म्हणून आयटीआयच्या बीटीआरआयमधल्या (अप्रेंटिसचं बेसिक ट्रेनिंग बघणाऱ्या विभागातल्या) सरांच्या कानावर आत्ताच घाला. आणि पट्टी लावलेल्या मशीनवर तो बसणार नाही, सुपरवायझरने बसवलं तरी नाही, हे आज रात्रीच त्याच्याशी बोलून घ्या.