निरोपातलं आपलं वाक्य

"मैत्रीण तुटली म्हणून कुणी समुपदेशकाकडे येतं का हो?" असं अवघडून विचारतच लोक समोर बसतात. लग्न मोडलं तर चार माणसं धीर द्यायला येतात. मैत्री मोडली की 'एवढं काय त्यात' म्हणून मोकळी होतात. आणि पुढचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "तिने असं वागायलाच नको होतं. मी कसं विसरू?"

गेल्या वर्षी आलेल्या एक बाई इंग्रजीच्या प्राध्यापिका. (परवानगी घेऊन, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.) बावीस वर्षांची मैत्री. एका तिसरीने 'ती तुझ्याबद्दल असं म्हणाली' म्हणून येऊन सांगितलं, फोनवर वाजलं, मग तीन वर्षं अबोला. एम.ए.च्या वर्गावर इंग्रज कवी कोलरिजची 'क्रिस्टाबेल' ही दीर्घकविता शिकवताना त्यांना हुंदका आवरेना. तास अर्धवट टाकून त्या बाहेर पडल्या.

पुढच्या वेळी मी पुस्तक आणायला सांगितलं. "मलाच शिकवा. वर्गात शिकवता तसं."

त्या खुलल्या. कवितेतले सर लिओलिन आणि रोलंड हे तरुणपणचे जिवलग. कुजबुजणाऱ्या जिभा सत्यात विष कालवतात आणि दोघे दुरावतात, एकच कडा दुभंगावा आणि मधून उदास समुद्र वाहावा तसे. ऊन, हिमकडाका, वीज, कशानेही पूर्वीच्या खुणा पुरत्या पुसत नाहीत. हे लिहिलं १८०० साली, छापलं १८१६ साली. मध्ये १८१० साली तेच कवीच्या वाट्याला आलं. त्याचा जिवलग कविमित्र वर्डस्वर्थ त्याच्याविषयी काय बोलला ते बेसिल माँटेग्यू या दोघांच्या मित्राने त्याच्या कानावर घातलं आणि मैत्रीत फूट पडली.

"सगळं त्या जिभांनी केलं, मॅडम."

"बरं. पुढे काय आहे?"

त्यांनी वाचलं. दोघांनीही एकमेकांना तुच्छतेचे, अपमानाचे शब्द सुनावले. 'दोघांनीही'वर आवाज किंचित अडला.

"आणि लिओलिन शेवटी काय करतो?"

त्यांनी पानं उलटली. तो भाटाकरवी रोलंडला निरोप धाडतो: तुला कठोर शब्द बोललो, त्या दिवसाचा मला पश्चात्ताप होतो.

"रोलंडनेही आधी माफी मागावी, असं कुठे म्हणतो?"

पेन्सिलच्या खुणांनी भरलेल्या त्या पानावर त्यांचं बोट ओळीओळीने खाली गेलं, परत वर आलं. बराच वेळ गेला. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला वर्षांनी जमायला लागलंय. "इतकी वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "हे वाक्य कधी थांबून वाचलंच नाही. मी फक्त जिभांखाली रेघ ओढली होती."

माझा यावर ठाम विश्वास आहे. तुटण्याचं दुःख माणूस पेलतो. पेलत नाही ती 'तिने तसं वागायलाच नको होतं' ही मागणी. मैत्रीण परत यावी असं वाटू द्या, त्यात काही गैर नाही. पण तिने यायलाच हवं, हा हट्ट सोडा. निरोप पाठवायचा तर आपल्या शब्दांपुरता पाठवा. तिसरीचा उल्लेख नको, खुलासे नकोत, आणि 'पण तूही' तर मुळीच नको. समोरच्याने वारंवार छळलं असेल, तर निरोप न पाठवणंही योग्यच. आणि दार उघडलं तरी जुनं घर तसंच सापडेल असं धरून चालू नका. १८१२ साली क्रॅब रॉबिन्सन या मित्राने कोलरिज आणि वर्डस्वर्थमध्ये समेट घडवला, १८२८ साली दोघे वर्डस्वर्थच्या मुलीला घेऊन ऱ्हाईनकाठी फिरूनही आले; पहिली जवळीक मात्र परतली नाही.

बाईंनी निरोप माझ्यासमोरच लिहिला. सात ओळी झाल्या. 'पण'पासून पुढच्या पाच त्यांनी स्वतःच खोडल्या. उरलेल्या दोन पाठवल्या.

'क्रिस्टाबेल' अपुरी आहे. भाट रोलंडपर्यंत पोचला का, ते कोलरिजने लिहिलंच नाही. बाईंनाही आमच्या शेवटच्या भेटीपर्यंत उत्तर आलं नव्हतं. राहिलेला तास त्यांनी त्याच आठवड्यात घेतला, सोडला होता त्याच पानापासून.