हाकेला ओ

प्रिय पोरी,

तुझा फोन ठेवल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. गावकीनं वाळीत टाकलेल्या आत्याचा फोन वाजत राहिला आणि तू तो पालथा घालून ठेवलास, हे सांगताना तुझा गळा दाटला. पुढच्याच वाक्यात म्हणालीस, "पण मास्तर, दंड बाबांना बसेल ना." दोन्ही खरं आहे. म्हणून लिहायला बसलो. बोलत राहिलो असतो तर तुझ्यावर ओरडलो असतो.

हाक आली की ओ द्यायची. आधी ओ, बाकीचं मागाहून.

तू विचारलंस, डोंबिवलीत फ्लॅट घेतलेली, कंपनीत कामाला जाणारी माणसं गावातल्या पाच-सात म्हाताऱ्यांना का घाबरतात? अगं, गावकीचा धाक काठी घेऊन येत नाही. तो आधी माया होऊन येतो. पावसात पाखाडी खचली की तीच माणसं फावडी घेऊन येतात. आजाऱ्याला डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत तीच नेतात. लग्नातली मोठी भांडीसुद्धा गावकीची. इथं एकट्याचं काही चालत नाही हे पोराला चालायला लागल्यापासून दिसतं. मग एक दिवस आई दबक्या आवाजात सांगते, "त्यांच्या अंगणात खेळू नको, दंड बसेल." हा धडा बाराखडीच्याही आधी होतो. पोरांची कट्टी संध्याकाळपर्यंत बट्टी होते, मोठ्यांची तीस-तीस वर्षं चालते. मुंबईला आलो म्हणून सुटका नाही. वाडीचं मुंबई मंडळ आहे, त्याची वर्गणी आहे, आता मोबाइलवरचा ग्रुप आहे. आणि सगळ्यावर कडी करणारं ते वाक्य: "मेल्यावर खांदा कोण देणार?"

पंचसुद्धा याच वाक्याला घाबरून असतात, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझं ऐक. 1976 चा शिमगा. मी मुंबईहून रात्रीच्या एसटीने गावी गेलो होतो. शेजारचं घर वाळीत होतं. बांधाच्या भांडणात काकांनी पंचांचा निवाडा मानला नाही, दंड भरला नाही, एवढाच गुन्हा. त्या घरच्या काकीच्या हातची घावनं खाऊन मी वाढलो. सकाळी ती गडग्यापलीकडून म्हणाली, "आलास रे?" मी खाली वाकलो आणि चपलेचा अंगठा नीट करत बसलो. अंगठा तुटलेला नव्हता. ती जरा वेळ थांबली आणि आत गेली. दुपारी पालखी तिच्या दारावरून तशीच पुढे गेली. ओटीचं ताट घेऊन ती उंबऱ्यात उभी होती. तेव्हाही मी ढोलाकडे बघत होतो.

वडील अंथरुणाला खिळले होते, हे तुला सांगितलं पाहिजे. जुलैत, भर पावसात ते गेले आणि अख्खी वाडी आली. लाकडं भिजू नयेत म्हणून माणसांनी अंगावरची इरली काढून त्यांवर घातली. तेव्हा ओ दिली असती तर कोण आलं असतं? हा हिशेब मी आजवर हजार वेळा मांडला आहे, आणि हजारही वेळा तो माझ्या बाजूने सुटतो. तरी काकीचा "रे" कानातून जात नाही.

दुसरी सबब कायद्याची. मुंबई राज्यात वाळीत टाकण्याविरुद्ध 1949 साली कायदा झाला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो 1962 साली घटनाबाह्य ठरवला. म्हणजे माझ्या वेळी हातात काही नव्हतं. आहे की नाही सोयीचं? गडग्यावरून "आलो काकी" म्हणायला कुठलं कलम लागतं?

तुझ्याकडे ती सबबही नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार आत्या करू शकते, तिच्या घरचं कुणीही करू शकतं, पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे. हा कायदा आयता आलेला नाही. 2013 साली नाशिकला एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. त्यानंतर डॉ. दाभोलकरांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मोहीम पुढे चालू राहिली, पंचायतींनी छळलेली माणसं बोलत राहिली, तेव्हा कुठे कायदा झाला. त्या बापाचा विचार मी पुष्कळ करतो. पोटच्या पोरीपेक्षा चार लोकांचं तोंड मोठं वाटायला लावणारा धाक एका दिवसात चढत नाही. आधी फोन पालथा घालायला शिकवतात.

चिडलीस? चिड. पण "आधी मिटू दे, मग बोलते" हे मला पुन्हा ऐकवू नकोस. ते मिटत नसतं. काकीच्या घराचं मिटलं तेव्हा काकी जाऊन चार वर्षं झाली होती.

बाबांना न सांगता काही करू नकोस, चोरून तर मुळीच नको. चोरून दिलेली ओ म्हणजे धाक मानल्याची पावतीच. आज रात्री जेवताना त्यांना सांग, "मी आत्याला फोन करणार आहे, तुमच्यासमोर करते." ते ताटावरून उठतील, उठू देत. दंडाचा निरोप आला तर लेखी मागायचा. कागदावर सही करायला सहसा कुणी पुढे येत नाही. ग्रुपवर आलेले मेसेज मात्र आत्ताच जपून ठेव, पुसले जातील. तक्रार करायची की नाही ते आत्याला ठरवू दे, तिच्या वतीने तू शूर होऊ नकोस.

आणि येत्या शनिवारी गावी जा. वाट वाकडी करून मागच्या परड्यातून शिरू नकोस. देवळासमोरून जा, दारात उभी राहा आणि हाक मार. हळू नको. पलीकडच्या तीन घरांना ऐकू जाईल अशी मार. आत्या बाहेर यायला वेळ लावील. तिला हाकेची सवय राहिलेली नसेल, थांब तेवढी.

पोचलीस की कळव. मी जागाच असतो.

तुझा,
मास्तर