‘सही कर, बाकीचं मी बघते’

प्रश्न : मी आणि माझी मावसबहीण सहा वर्षांपासून इंटेरिअर डिझाइनचा व्यवसाय करतो. भागीदारी निम्मी-निम्मी. करारनामा स्टॅम्पपेपरवर आहे, संस्थेची नोंदणी केलेली नाही. मला सहावा महिना सुरू आहे. गेल्या आठवड्यात ताईनं नवा करार पुढे ठेवला : बाळंतपणामुळे मी वर्षभर ‘निष्क्रिय भागीदार’, पगार बंद, आणि नफ्यातला वाटा 50 वरून 20 टक्के. शिवाय दहा कोरे चेक सही करून ठेवायला सांगितलेत. मूळ करारात ‘दोन्ही भागीदार पूर्ण वेळ देतील’ असं कलम आहे, त्यावर ती बोट ठेवते. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका डिझायनर मुलीला आम्ही 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, मग मला का नाही? एका ऑफिसचं काम नेमकं माझ्या तारखेच्या आठवड्यात पूर्ण करून द्यायचं आहे, उशीर झाला तर दंड आहे. घरचे म्हणतात, बहिणीशी कसली कोर्टकचेरी, सही करून टाक.

उत्तर : सही करू नका. या कागदावर नको, आणि कोऱ्या चेकवर तर मुळीच नको. ताईशी भांडा असं मी म्हणत नाही. तिच्या म्हणण्यातला काही भाग रास्तही आहे, तो पुढे सांगते.

आधी रजेचं, कारण तुमचं मन तिथेच जास्त दुखावलेलं दिसतं. त्या मुलीला रजा मिळाली ती कर्मचारी म्हणून. 1961 चा मातृत्व लाभ कायदा, ज्याच्या तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत, तो पगारावर काम करणाऱ्या बाईसाठी आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेली आस्थापना, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम, की पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे. भागीदार या व्याख्येत बसत नाही. भागीदारी संस्था म्हणजे भागीदारांहून वेगळं कोणी नाही, त्यामुळे तुम्ही स्वतःच्याच नोकर होऊ शकत नाही. भागीदाराला ‘पगार’ म्हणून जे मिळतं तो नफ्याचाच एक भाग, असं सर्वोच्च न्यायालयानं 1970 च्या दशकातच सांगून ठेवलंय. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असती आणि तुम्ही पगारी संचालक असतात, तर निदान युक्तिवादाला जागा होती. आम्ही वकीलही त्याच पंगतीतले. माझ्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत उलटतपासणी उभ्यानंच घेतली. रजा द्यायला कोणी नव्हतंच, तर मागणार कोणाकडे?

म्हणजे तुमची रजा कायद्याच्या पुस्तकात सापडायची नाही. ती तुम्हाला तुमच्या करारातच लिहून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी प्रसूतीआधीचे हे महिने फार मोलाचे आहेत.

आता वाट्याचं. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 11 प्रमाणे भागीदारांमधला करार सगळ्यांच्या संमतीनं बदलतो. दोघींच्या भागीदारीत ‘बहुमत’ नावाची गोष्टच नसते. त्यामुळे तुम्ही होकार देत नाही तोवर 50 चे 20 होत नाहीत. पण हे कलम पुरतं वाचा. संमती लेखी किंवा तोंडीच असावी लागते असं नाही, वागण्यातूनही ती गृहीत धरता येते. घरोघरी बायका फसतात त्या इथेच. सही केली नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहणार, ताई दर तिमाहीला 20 टक्क्यांच्या हिशोबानं पैसे खात्यावर टाकत राहणार, बाळाच्या व्यापात तुम्ही ते घेत राहणार, आणि वर्षभरानं तिचा वकील म्हणणार की बाईंनी हे मान्यच केलं होतं. म्हणून नकार आजच लेखी कळवा. पुढे कमी पैसे आलेच तर ‘हे आंशिक समजते, बाकी येणं आहे’ एवढी एक ओळ लगेच पाठवायची.

‘पूर्ण वेळ’चं कलम तिला वाटतं तितकं धारदार नाही. भागीदारानं मन लावून काम करावं हे कायदाही म्हणतो. पण भागीदार कामाला येऊ शकत नाही म्हणून संस्था मोडायची, तर कोर्टात तो ‘कायमचा’ असमर्थ झाल्याचं दाखवावं लागतं, किंवा त्यानं जाणूनबुजून किंवा वारंवार करार मोडल्याचं. बाळंतपण यातल्या कशातच बसत नाही. भागीदाराला काढून टाकायचं तर तसा अधिकार करारात लिहिलेला हवा आणि तो सद्भावनेनं वापरलेला हवा, हे कलम 33.

मात्र एक धोका खरा आहे. तुमच्या करारात भागीदारीची मुदत किंवा ती कशी संपेल हे लिहिलेलं नसेल, तर ती ‘इच्छाधीन’ भागीदारी ठरते आणि दोघींपैकी कोणीही लेखी नोटीस देऊन ती मोडू शकते. ताईनं ही धमकी अजून दिलेली नाही, पण देऊ शकते. तसं झालं तर सगळ्या मालमत्तेचा हिशोब होतो आणि त्यात नावलौकिक, म्हणजे गुडविलही मोजावं लागतं. रिकाम्या हातानं तुम्हाला कोणी घरी पाठवू शकत नाही.

आता ताईची रास्त बाजू. पगार. करारात लिहिलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागताच येत नाही, आणि लिहिलेलं असलं तरी तो कामासाठी आहे. तुम्ही समजा चार महिने साइटवर जाणार नाही, ती दुप्पट राबणार, तेव्हा तुमच्या पगारातून एक डिझायनर नेमू, हे तिनं म्हणणं गैर नाही. माझ्या मते पगारावर सोडा आणि वाट्यावर ठाम राहा. नफ्यात तुमची सहा वर्षांची ओळख, गिऱ्हाइकं आणि भांडवल आहे, ते चार महिन्यांत आटत नाही. पण ‘निष्क्रिय भागीदार’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. आयकरात भागीदाराचा पगार संस्थेचा खर्च म्हणून धरला जातो तो प्रत्यक्ष काम बघणाऱ्या भागीदाराचा, करारात लिहिलेला, आणि त्या करारानंतरच्या काळाचा असेल तरच. एकदा निष्क्रिय लिहून दिलंत की तीन महिन्यांनी घरून डिझाइन बघायला लागलात तरी पगाराची वाट अडते. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामाची विभागणी अशी राहील’ असं लिहा.

नोंदणी नसणं ही तुमची सगळ्यात दुखरी बाजू. कलम 69 नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदाराला कराराची अंमलबजावणी मागायला दावा करता येत नाही. म्हणजे ‘भागीदारी चालू ठेवून माझे 50 टक्के द्या’ असं कोर्टाला सांगता येणार नाही. भागीदारी मोडा आणि हिशोब द्या, एवढीच वाट उरते. (महाराष्ट्रानं 1984 च्या दुरुस्तीनं तीही बहुतांशी बंद केली होती, सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.) नोंदणी पुढेही करता येते, पण अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. आज ताईला तुमची सही हवी आहे, म्हणून आजच तिची सही मागा. यात तिचंही हित आहे : त्या ऑफिसवाल्यानं उद्या बिल थकवलं, तर नोंदणीवाचून तुमच्या संस्थेला त्याच्यावर करारापोटी दावाच करता येणार नाही.

चेक. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्यावर रक्कम भरायचा अधिकारही देणं, असंच कायदा प्रथमदर्शनी मानतो. त्यातला एखादा परत गेला तर परक्राम्य संलेख कायद्याच्या, म्हणजे चेकच्या कायद्याच्या, कलम 138 ची नोटीस चेकवर सही करणारीला येते, आणि नोटीस हाती पडल्यापासून पैसे भरायला 15 दिवस मिळतात. बाळ दहा दिवसांचं असताना हे निस्तरायचं आहे का? बँकेला दोघींच्या सहीनं पत्र द्या : ठरावीक रकमेपर्यंत ताईची एकटीची सही चालेल, अमुक तारखेपर्यंत, त्यावर दोघींची. जीएसटीसाठी तिलाही अधिकृत स्वाक्षरीकर्ती म्हणून जोडा. तुमची डिजिटल सही आणि ओटीपीचा फोन मात्र तुमच्याकडेच राहू द्या.

ऑफिसचं काम संस्थेनं घेतलंय, तुम्ही व्यक्तिशः नाही, त्यामुळे बाळंतपण ही सबब चालणार नाही. अपवाद एकच, ‘डिझाइन अमुक बाई स्वतः करतील’ असं करारात असेल तर. ते तपासा. बाकी आत्ताच गिऱ्हाइकाकडून तीन-चार आठवड्यांची मुदत ईमेलवर वाढवून घ्या. दंड लागलाच तर लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी भरपाई ठरते.

ताईला हे पाठवा, तुमच्या शब्दांत :

‘ताई, तुझा मसुदा वाचला. वाटा 50 टक्केच राहील, त्यात बदल मला मान्य नाही. बाळंतपणाचे चार महिने माझा पगार थांबवून त्यातून डिझायनर नेमू. हे पुरवणी करारात लिहू आणि त्याच दिवशी नोंदणीच्या अर्जावर दोघी सह्या करू. दर महिन्याचा हिशोब मला ईमेलनं पाठव. चेकवर सह्या करून ठेवत नाही, बँकेला पत्र देऊ. शनिवारी बसू या का?’

ईमेलनं पाठवा, नुसतं फोनवर सांगू नका. आणि शनिवारी जाताना मूळ करारनामा घरीच ठेवून त्याची झेरॉक्स न्या.