घरातला डास डेंग्यूचा की मलेरियाचा, हे नुसतं बघून ओळखता येतं का?

पायांवर पांढरे पट्टे असलेला डास भिंतीवर दिसला आणि तुम्ही धास्तावलात, असं प्रश्नात लिहिलंय. ओळखता येतं, बऱ्यापैकी. फक्त टाळी वाजवायच्या आधी बघावं लागतं. चिरडलेला डास काहीच सांगत नाही.

मी आधी पट्टे बघत नाही, बसण्याची ढब बघतो. डोकं भिंतीकडे आणि शेपटाकडचा भाग हवेत, म्हणजे टाचणी तिरकी खोचल्यासारखा बसला असेल, तर तो अ‍ॅनाफिलीस, मलेरियावाला. त्याच्या बहुतेक जातींच्या पंखांवर ठिपके असतात. भिंतीला समांतर, जरा कुबड काढून बसला असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. मग रंग बघायचा. मातकट तपकिरी, साधासुधा तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोपेचं खोबरं करणारा बहुतेक वेळा हाच. गटारात, सांडपाण्यात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. भातखाचरांत वाढणारे त्याचे भाऊबंद जपानी मेंदूज्वराचे वाहक आहेत.

काळा आणि पायांवर पांढरे कडे असलेला एडिस. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका हे त्याचे आजार. भिंग असेल तर पाठ बघा, एडिसची जातही कळते: मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर अल्बोपिक्टस, दोन्ही कडांना कंसासारख्या वळलेल्या रेघा असतील तर इजिप्ती. दोघेही दिवसा चावतात, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. 'रोज मच्छरदाणीत झोपतो, तरी डेंग्यू झालाच कसा' याचं उत्तर इथं आहे. मात्र नुसत्या पट्ट्यांवर जाऊ नका, काही अ‍ॅनाफिलीसच्या पायांवरही पट्टे असतात.

खरं सांगायचं तर डासापेक्षा पाणी बघणं सोपं. अ‍ॅनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. बाकी दोघांच्या अळ्या श्वासनळी वर टेकवून डोकं खाली करून लोंबकळतात. एडिस अंडी घालतो ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून कूलरची टाकी, पिंप, कुंडीखालची ताटली नुसती उपडी करून भागत नाही, आतून घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा.

तुमच्या भिंतीवरचा एडिस असला, तरी तो चावला म्हणजे डेंग्यू झालाच असं नाही. चावते फक्त मादी, आणि तिने आधी डेंग्यूच्या रुग्णाचं रक्त प्यायलेलं असावं लागतं. त्यानंतरही विषाणू तिच्या लाळेत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस जातात. ताप आलाच तर रक्ततपासणी करून घ्या, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.